गोट्यांतली शिंगाळी पॉपी



आपल्या मंडळातल्या बहुतेकांच्या परसात काय असतं ते आम्हाला न बघता सांगता येईल, कारण आमच्याकडेही तेच आहे. मेथी, कोथिंबीर, एखादा गुलाब, आणि कुंडीतला कढीपत्ता, जो ऑक्टोबरात घरात येतो आणि मार्चपर्यंत रुसून बसतो. बागेतून काही तरी ताटात यायला हवं, ही आपल्या सगळ्यांचीच ओढ. म्हणूनच या वेळी जरा वेगळ्या झाडाबद्दल लिहावं असं ठरवलं. ताटात त्याचा काडीचाही उपयोग नाही. उलट पोटात गेलं तर दवाखाना गाठावा लागेल. तरीही गेली काही वर्षं आमच्या बागेत सगळ्यात जास्त कौतुक होतं ते याचंच.

इथे त्याला 'यलो हॉर्न्ड पॉपी' म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लॉशियम फ्लेव्हम. ग्लॉशियम हे पानांच्या निळसर करड्या रंगावरून आणि फ्लेव्हम म्हणजे पिवळी. मराठीत अर्थातच नाव नाही, कारण हे झाड आपल्याकडे नाही. आमच्या घरात आईंनी त्याचं 'शिंगाळी' असं बारसं केलं आणि तेच रूढ झालं.

पॉपी म्हटलं की इथे पहिल्यांदा आठवते ती नोव्हेंबरात कोटाला लावायची लाल पॉपी. आपल्याला त्याच्याही आधी आठवते ती खसखस. खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. दुबईला जाणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून खसखशीची पुडी आठवणीने काढून ठेवावी लागते ती त्यामुळेच. लाल पॉपी, अफू आणि आमची शिंगाळी ही एकाच कुळातली भावंडं. पण बाकीच्यांना शेत लागतं, हिला समुद्र लागतो. भरतीची लाट जिथे संपते त्याच्या जरा वर, माती नावाला नाही अशा गोट्यांच्या किनाऱ्यावर ही वाढते. भूमध्य समुद्राभोवती, काळ्या समुद्राच्या काठाने आणि युरोपच्या पश्चिम किनाऱ्याने ती सगळीकडे आहे. ब्रिटनमध्ये मुख्यतः दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या गोट्यांच्या किनाऱ्यांवर दिसते.

आमची आणि तिची गाठ पडली २०१८ च्या जुलैमध्ये, डंजनेसला. केंटच्या दक्षिण टोकाला समुद्रात घुसलेला हा गोट्यांचा प्रदेश युरोपातल्या सगळ्यात मोठ्या अशा प्रदेशांपैकी एक आहे. नजर पोचेल तिथवर गोटे, दोन दीपगृहं, विखुरलेली लाकडी घरं आणि पाठीमागे अणुवीज केंद्राचा ठोकळा. (तिथली वीजनिर्मिती त्याच वर्षी थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही.) आई तेव्हा गुहागरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. समुद्र दाखवतो म्हणून मोठ्या उत्साहाने त्यांना घेऊन गेलो, तर गाडीतून उतरताच म्हणाल्या, "हा कसला गो समुद्र! पाय रुतवायला चिमूटभर वाळू नाही."

त्यांचं खरंच होतं. गुहागरच्या वाळूवर लहानपण गेलेल्या माणसाला गोट्यांवरून चालणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे त्या एका फळीवर बसल्या आणि बसल्या जागेवरून त्यांनाच ते झाड आधी दिसलं. पानं अशी करडी की भस्म फासल्यासारखी, गुडघाभर उंच, आणि त्यावर हळदीसारखी पिवळीधमक चार पाकळ्यांची फुलं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने धावत जाऊन एक लांब हिरवी शेंग तोडली आणि मोडली. मोडलेल्या जागेतून पिवळा चीक आला. आई पटकन उठल्या. "आधी तिचा हात धुवा. डोळ्याला लावू देऊ नका. हा बिलायताच्या जातीतला दिसतो."

बिलायत म्हणजे पिवळा धोतरा. गावाकडे पडीक रानात, रस्त्याच्या कडेला उगवणारं काटेरी पानांचं, पिवळ्या फुलांचं तण. तो धोतऱ्याच्या कुळातला नाहीच, पॉपीच्या कुळातला आहे, आणि मूळचा मेक्सिकोचा. त्याचं बी दिसायला मोहरीसारखं असतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या तेलाची भेसळ होऊन साठाहून अधिक माणसं दगावली होती, ती बातमी अनेकांना आठवत असेल. आईंनी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. पण चिकाच्या रंगावरून त्यांनी जे नातं ओळखलं ते आम्ही घरी येऊन पुस्तकात पाहिलं, तर तंतोतंत बरोबर निघालं. तेव्हापासून बागेतल्या कुठल्याही रोपट्याबद्दल आईंचा शब्द शेवटचा.

आता थोडा कबुलीजबाब. त्या दिवशी गोट्यांमध्ये एक लहानसं रोप दिसलं, पानांचा नुसता गोल झुबका. ते आम्ही उपटून घरी आणलं. "इतकी आहेत, त्यातलं एक नेलं तर काय बिघडलं," असं एकमेकांना सांगितलं आणि सोबत मूठभर गोटेही डब्यात भरले. रोप उपटताना मूळ 'टक्' करून तुटलं तो आवाज अजून आठवतो. बागेत लावलं, पाणी घातलं, सावली केली. आठ दिवसांत ते काळं पडून गेलं.

नंतर वाचलं तेव्हा लाज वाटली. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टप्रमाणे या देशात कुठलंही रानटी झाड जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटणं हा गुन्हा आहे, मग ते दुर्मीळ असो वा नसो. किनाऱ्यावरचे गोटे उचलून नेणं हाही १९४९ च्या कोस्ट प्रोटेक्शन अ‍ॅक्टखाली गुन्हा ठरू शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आम्ही ज्याला 'एक रोप' म्हणत होतो ते पहिल्या वर्षाचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ते फुलणार, शेंगा धरणार, त्यातून पुढची पिढी येणार होती. झाड फार वर्षं जगत नाही. बी पडत राहिलं तरच किनाऱ्यावर टिकतं. गोट्यांवरची ही वनस्पतीसृष्टी जगातच फार थोड्या ठिकाणी आहे, आणि गाड्यांनी, पायांनी एकदा विस्कटली की सावरायला खूप वर्षं घेते. आमच्यासारखे प्रत्येकी एक नेणारे शंभर जण आले तर काय होईल, याचं गणित सोपं आहे. गोटे आम्ही पुढच्या खेपेला परत नेऊन टाकले. रोप काही परत नेता आलं नाही.

त्यानंतर बी रीतसर विकत आणलं. रानफुलांचं बी विकणाऱ्या इथल्या बऱ्याच नर्सऱ्यांकडे ते मिळतं. घेताना पाकिटावरचं शास्त्रीय नाव नीट पाहा. नारिंगी फुलांचा एक प्रकार आणि लाल फुलांची तिची बहीण, ग्लॉशियम कॉर्निक्युलेटम, ही दोन्ही 'हॉर्न्ड पॉपी' म्हणूनच विकली जातात. तीही सुंदर आहेत, पण डंजनेसची पिवळी हवी असेल तर नावात 'फ्लेव्हम' असलेलंच पाकीट घ्या.

२०१९ च्या वसंतात पेरलं आणि पुन्हा चुकलो. या वेळची चूक प्रेमाची होती. आपल्याला बागकाम येतं म्हणजे काय येतं, तर खत घालणं आणि पाणी घालणं. चांगलं काळं कंपोस्ट, वर कोंबडीखताच्या गोळ्या, संध्याकाळी न चुकता झारी. रोपं अशी तरारली की शेजारच्या आजोबांनी कोबी लावला का म्हणून विचारलं. पानं मोठी, मऊ, हिरवी. डंजनेसचा करडा रंग कुठेच नाही. मग नोव्हेंबर लागला, पाऊस सुरू झाला, आमची चिकणमाती पाणी धरून बसली, आणि जानेवारीत हात लावला तर झुबकाच्या झुबका हातात आला. मुळाशी सगळं कुजलेलं. इथल्या थंडीने हे झाड मरत नाही. त्याला मारतो तो हिवाळ्यातला ओलावा.

तेव्हा आम्ही पहिल्यांदा शांतपणे विचार केला की हे झाड मुळात गोट्यांत जगतं तरी कसं.

वरून कोरडे ठणठणीत दिसणारे गोटे खाली तसे नसतात. पावसाचं पाणी गोट्यांमधून झरझर खाली जातं आणि वरचे गोटे झाकणासारखे बसल्यामुळे उन्हाने लगेच उडून जात नाही. खाली गोट्यांच्या फटींत वाऱ्याने आलेली बारीक वाळू, कुजलेलं शेवाळ, जुन्या झाडांचा भुगा साठलेला असतो. तिथपर्यंत पोचायचं तर मूळ सरळ आणि खोल हवं. शिंगाळीचं मूळ मुळ्यासारखं सोटमूळ असतं, आणि ते वाकवलेलं, तोडलेलं, हलवलेलं तिला अजिबात खपत नाही. (आम्ही ऐकलेला 'टक्' तो हाच.) वर पानांवर मेणासारखा थर आणि लव असते. करडा रंग त्याचाच. त्यामुळे पानांतलं पाणी कमी उडतं आणि खाऱ्या तुषारांपासूनही बचाव होतो. म्हणजे देठाशी कायम कोरडं आणि मुळाच्या टोकाशी जरा ओल, एवढीच तिची मागणी. आम्ही नेमकं उलटं देत होतो.

कोकणातल्यांना हे नवीन नाही. आपल्या किनाऱ्यावरची मर्यादवेल याच जातीचं जिणं जगते. फरक इतकाच की ती वाळूवर पसरत जाऊन वाळू धरून ठेवते आणि ही एका जागी खोल जाते. मर्यादवेलीला कोणी खत घातलेलं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

२०२० च्या वसंतात सगळेच घरात अडकलेले असताना आम्ही वाफा बांधला. दक्षिणेकडच्या भिंतीलगत, दिवसभर ऊन येतं अशा जागी सहा फूट बाय चार फूट. चिकणमाती दीड फूट उकरली, तळाशी तुटक्या विटा टाकल्या, मग काढलेल्या मातीतली जेमतेम एक तृतीयांश माती परत घेऊन तिच्यात बांधकामवाल्यांकडची जाड 'शार्प सँड' आणि १० मिलिमीटरची खडी मिसळली. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवला, म्हणजे पाणी साचणारच नाही. सगळ्यात वर दोन इंच नुसती खडी. खत शून्य. आणि मीठही नाही! कोणीतरी हौसेने सुचवलं होतं की समुद्राचं झाड म्हणून पाण्यात मीठ घाला. ती खारं सोसते, तिला खारं लागत नाही. सोसणं आणि आवडणं यात फरक आहे.

ज्यांच्याकडे फ्लॅटची बाल्कनी आहे त्यांनी निराश होऊ नये. मातीची, निदान हातभर खोल कुंडी घ्या. निम्मं पीटविरहित कंपोस्ट, निम्मी खडी. कुंडीखाली थाळी ठेवू नका. बाल्कनीत पाच-सहा तास ऊन हवं; उत्तरेकडची बाल्कनी असेल तर नाद सोडा आणि फर्न लावा.

बी पेरायचं ते जिथे झाड हवं तिथेच. सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल. खडी जराशी बाजूला सारायची, बी भुरभुरायचं, वर बारीक खडीचा अगदी पातळ थर द्यायचा. आम्ही ऑक्टोबरात पेरलं, कारण थोडी थंडी खाल्लेलं बी बरं उगवतं. सगळं एकदम उगवत नाही. काही पंधरा दिवसांत येतं, काही सरळ पुढच्या वसंतात, काही मेलं असं धरून आपण विसरलो की मग. रोपं करायचीच असतील तर खोल नळीसारख्या कुंड्यांत एकेक बी घाला आणि चार पानं आली की मातीच्या गड्ड्यासकट, मुळाला धक्का न लावता जमिनीत उतरवा. मोठं झाल्यावर हलवायचं नाही. दोन रोपांत फूटभर किंवा थोडं जास्त अंतर ठेवा. बाकीची उपटताना जिवावर येतं, पण उपटा. कोवळी रोपं गोगलगाईंना फार आवडतात. आम्ही रात्री टॉर्च घेऊन त्या वेचतो, आणि शेजाऱ्यांना आता त्याचं आश्चर्य वाटेनासं झालं आहे.

पहिलं वर्ष नुसत्या पानांचं. २०२१ चा अख्खा उन्हाळा आमच्या वाफ्यात सात करडे झुबके बसून होते. पानं कडेने कातरलेली, लोकरीसारखी लव, सकाळी दव पडलं की चांदीचा वर्ख लावल्यासारखी. फूल नसतानाही झाड बघत बसावंसं वाटतं. पाहुण्यांना मात्र ते पटत नाही. "हे काय, खडी आणि गवत?" असं विचारून गेलेले मंडळातले स्नेही हा लेख वाचत असतीलच. हिवाळ्यात एवढंच करायचं की झुबक्यांवर पडलेला ओला पाचोळा उचलायचा.

आणि मग २०२२ चा उन्हाळा आला. तो कोणीच विसरलं नसेल. १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. या देशात चाळिशी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. ऑगस्टमध्ये आमच्या भागात होजपाइपने पाणी घालायला बंदी आली. हिरवळ काथ्यासारखी झाली, गुलाब मान टाकून बसला, मेथी तर उगवलीच नाही. भांडी धुतलेलं पाणी बादलीने आणून आम्ही टोमॅटो कसेबसे वाचवत होतो. खडीच्या वाफ्याला मात्र जूनपासून थेंबभर पाणी घातलं नव्हतं आणि तिथे सातच्या सात झाडं फुलली होती. रोज सकाळी नवी फुलं. आईंना व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवलं, तर म्हणाल्या, "तिला आता कुठे घर सापडलं. तुम्ही नुसते बघत बसा."

बघण्यासारखं खूप आहे म्हणून सांगतो. कळी लांबट, लवदार, दोन दलांत मिटलेली. सकाळी ती दोन दलं गळून पडतात आणि आतून चार पाकळ्या बाहेर येतात, पेटीत चुरगळून ठेवलेली रेशमी साडी उलगडावी तशा सुरकुतलेल्या. ऊन चढेपर्यंत सुरकुत्या जातात आणि तळहाताएवढं फूल सपाट उघडतं. मध्ये पुंकेसरांचा पिवळाच झुबका. पॉपीच्या फुलांत मध नसतो, पराग मात्र भरपूर. सकाळी आठच्या सुमारास भुंगे त्यात अक्षरशः लोळतात आणि हळदीने माखून उडतात. फूल एखाद-दुसरा दिवसच टिकतं. फुलदाणीत ठेवायला हे झाड अगदी निरुपयोगी, आणि पूजेलाही आम्ही घेत नाही, चिकामुळे. पण एका फुलामागे दुसरं येत राहतं, जूनपासून थेट सप्टेंबरपर्यंत.

पाकळ्या गळल्या की खरी गंमत सुरू होते. मधली हिरवी काडी दिवसागणिक लांब होत जाते, किंचित वाकते आणि शिंगासारखी दिसू लागते. शेवग्याच्या शेंगेची बारीक, लहान बहीण समजा. आमच्याकडची सगळ्यात लांब शेंग मुलीने पट्टीने मोजली, २७ सेंटिमीटर भरली. तीस सेंटिमीटरपर्यंत जातात. ब्रिटनमधल्या रानझाडांत इतकी लांब शेंग दुसऱ्या कुठल्याही झाडाची नाही. वाळली की शेंग टोकापासून दोन फाकांत उकलते. आत भेंडासारखा पडदा असतो आणि त्यात गडद तपकिरी दाणे ओळीने रुतलेले. भिंगातून पाहिले तर दाण्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे दिसतात. एक-दोन झाडांच्या शेंगा तरी कापू नका. झाड दोन-तीन वर्षांत जातं. आमच्या पहिल्या सातांपैकी आता एकही नाही. जी आहेत ती त्यांची मुलं-नातवंडं, आणि ती आम्ही पेरली तिथे नाही तर पायवाटेच्या फटीत, भिंतीच्या कडेला, आपल्या पसंतीने उगवलेली आहेत.

आता विषाचं. हा भाग कृपया घाईने वाचू नका.

मुळापासून बियांपर्यंत सगळं झाड विषारी आहे. चीक कातडीला लागला तर डाग पडतो आणि काहींना आग होते. डोळ्याला तर अजिबात लागू देऊ नये. यातल्या ग्लॉसिन नावाच्या द्रव्यापासून बल्गेरियात खोकल्याचं औषध बनवलं जायचं, पण म्हणून कोणी घरी काढा करू नये. त्याने माणसाला भास होतात हेही नोंदलेलं आहे.

त्याचा एक जुना किस्सा १६९८ मध्ये रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' मध्ये छापून आला होता. कॉर्नवॉलमध्ये पेन्झन्सजवळ एका गृहस्थाने समुद्रकाठच्या 'सी हॉली' ची मुळं समजून या पॉपीच्या मुळांची पाय करवली आणि गरम गरम खाल्ली. सी हॉलीची मुळं तेव्हा पाकात घालून आवडीने खात असत आणि दोन्ही झाडं एकाच किनाऱ्यावर शेजारी शेजारी वाढतात. थोड्याच वेळात त्याला दिसेल ती वस्तू सोन्याची वाटू लागली. मातीच्या पांढऱ्या शौचपात्राचे त्याने तुकडे केले आणि हे सोनं सांभाळून ठेवा म्हणून भोवतीच्यांना बजावलं. घरातल्या नोकर-मोलकरणीनेही ती पाय खाल्ली होती. त्यांनी काय केलं ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. सगळे वाचले, पण ऐकायला मजेची वाटणारी ही गोष्ट खरं म्हणजे चुकून झालेल्या विषबाधेची आहे, आणि चूक झाली ती रानातली मुळं ओळखता येतात अशा भरवशावर.

घरात लहान मुलं असताना हे झाड लावावं का, यावर आमच्यात बराच वाद झाला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. शेवटी असं ठरलं की वाफा भाजीच्या वाफ्यापासून लांब, मधे चालायची वाट. छाटणी करताना हातमोजे. आणि मुलांनी त्या झाडाला हात लावायचा नाही, शेंगही मोजायची ती मोठ्यांनी धरून दिल्यावर. आमच्या मुलांनी हे पाळलं. पण रांगतं, सगळं तोंडात घालणारं मूल घरात असेल तर आमचा स्पष्ट सल्ला आहे की दोन-तीन वर्षं थांबा. चुकून कोणाच्या पोटात गेलंच तर बोटं घालून उलटी करवू नका. १११ ला फोन करा, शुद्ध हरपत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर ९९९, आणि झाडाचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या.

बॉस्टनच्या आमच्या चुलतभावाने फोटो पाहून बी पाठव म्हणून आग्रह धरला होता. त्याला नाही म्हणावं लागलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे झाड परकं आहे आणि तिथल्या समुद्रकाठच्या झाडांच्या जागेवर हातपाय पसरतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर त्याच्या विक्रीला बंदी आहे. कॅलिफोर्नियातल्या वाचकांना तर याची गरजच नाही. तुमची नारिंगी कॅलिफोर्निया पॉपी १९०३ पासून तुमच्या राज्याचं फूल आहे, आणि समुद्रकाठी तिचाच करड्या पानांचा, जमिनीसरशी पसरणारा, पिवळी फुलं आणि मध्ये नारिंगी ठिपका असलेला प्रकार सापडतो. खडी, ऊन, खत नको, मुळाला हात नको, हे सगळे नियम तिलाही लागू.

लावायचं नसेल पण पाहायचं असेल तर जून ते ऑगस्टमध्ये डॉर्सेटची चेझिल बीच, सफोकचा ऑर्फर्ड नेस किंवा आमचं डंजनेस गाठा. डंजनेसला गेलात तर चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मन यांचं प्रॉस्पेक्ट कॉटेज रस्त्यावरूनच दिसेल. काळं लाकडी घर, पिवळ्या खिडक्या, भोवती ना कुंपण ना हिरवळ. आजारपणाच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी तिथल्या गोट्यांत, वाहून आलेल्या लाकडांच्या ओंडक्यांमध्ये, किनाऱ्यावरचीच झाडं घेऊन बाग केली. १९९४ मध्ये ते गेले. २०२० मध्ये लोकवर्गणीतून ते घर विक्रीपासून वाचवलं गेलं. आणि कोलचेस्टरजवळची बेथ चॅटो यांची खडीची बाग पाहायलाच हवी. १९९१-९२ मध्ये त्यांनी मोटारी उभ्या करायच्या जुन्या जागेवर ती उभी केली आणि पाणी घालायचं नाही असं ठरवलं, तेही देशातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एकात. आमचा सहा बाय चारचा वाफा तिच्यापुढे काहीच नाही, पण खडीत नेमकं काय किती घालायचं याचा धीर आम्हाला तिथेच आला. कुठेही गेलात तरी मळलेल्या वाटेवरून चाला, आणि संरक्षित किनाऱ्यावरून बीसुद्धा उचलू नका. घरचं बी नेऊन किनाऱ्यावर टाकू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. तिथली झाडं तिथल्याच बियांची असू देत.

या वर्षी शेंगा चांगल्या धरल्या आहेत. वाळल्या की बी काढून कागदी पाकिटांत भरू आणि मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन येऊ. ज्यांना हवं त्यांनी आमच्याकडून मागून घ्यावं, पैसे नकोत. फक्त एक विनंती. पाकिटं आणणार ती नेमकी अनारशांच्या दिवसांत, आणि दाणे दिसायला काळ्या खसखशीसारखेच आहेत. प्रत्येक पाकिटावर आम्ही लाल शाईने 'खाण्याचे नाही' असं मराठीत आणि इंग्रजीत लिहू, तरी ते स्वयंपाकघरात ठेवू नका. सरळ गॅरेजमध्ये, कुदळीशेजारी.